दोन कमी

पिंपाखालचा स्टँड. गॅलरीच्या ग्रिलचा कोपरा.
पलंगाचा उजवा पाय, ज्याच्या जागी
दोन विटा आणि सहा वर्षांची पंचांगं.
शिलाई मशीनचा पायटा.
सायकलचं कॅरिअर (चिन्मय नोकरीला नाशिकला गेला,
सायकल जिन्याखाली राहिली).
दाराची कडी.
सहा.

इश्तियाकभाई एका फेरीचे पाचशे घेतात.
घेतले असते, आले असते तर.
"ताई, एवढ्याशा कामाला मशीन चौथ्या मजल्यावर?
उद्या बघतो."
कन्नमवार नगरात त्यांचा उद्या
दिवाळीपासून मुक्कामाला आहे.

नागदेवीला मशीन अडतीसशेला मिळतं.
रॉड, काच, हातमोजे धरून चार हजार.
भागिले पाचशे, आठ.
माझ्या घरात सहाच गोष्टी मोडल्यात.

रात्री अंथरुणावर कान देऊन पडले,
आणखी काही मोडतंय का.
मुकुंद घोरत होते. पलंग, विटांवरचा,
त्या दिवशी नेमका करकरला नाही.

वीस वर्षं पतपेढीत मी लोकांना विचारत आले,
कर्ज कशासाठी?
लग्न, दुरुस्ती, म्हैस, एकाने 'असंच' लिहिलं होतं.
त्याला मी परत पाठवलं,
म्हटलं, असंच असं कारण नसतं.

सतराव्या वर्षी मुलुंडच्या आयटीआयच्या फॉर्मवर
मी 'वेल्डर'पुढे खूण केली होती.
खिडकीतल्या बाईंनी कागद मागे सरकवला,
चुकून झाली वाटतं.
मी खोडली. शाई ओली होती, अंगठ्याला लागली.
शिवण शिकले. चांगली शिकले,
आजही माझा काज उसवत नाही.

दुकानदार, गाला की गोगरी, पाटी वाचायची राहिली,
मशीन काउंटरवर ठेवतो. जेवणाच्या डब्याएवढं.
वर पिवळ्या अक्षरांत दोनशे अँपिअर.
"दोनशे लिहिलंय, एकशे वीस समजा."
त्याचा हा खरेपणा मला आवडला, आणि संशयही आला.
"घरी सोळाचा पॉइंट आहे? एसीचा?"
एसी नाही. गीझरचा आहे.
"मग गीझर काढून लावा. पण न्हाणीत उभं राहून नको,
वायर बाहेर घ्या. पाय कोरडे.
पहिले पन्नास रॉड वाया जाणार, धरून चाला.
जोडायचंय काय?"

मी यादी वाचली.
शिलाई मशीनपाशी त्याने हात वर केला.
"ते बीड. बीड विसरा, तडकेल."

पाच.

परतीच्या बसमध्ये सेक्रेटरी कुडतरकरांचं पत्र
मी मनात त्यांच्या आधी लिहून काढलं:
ठिणग्या खालच्या मजल्यावरच्या पापडांवर पडतात,
दिवे लुकलुकतात, आणि हे बायकांचं,
इथे त्यांनी पेन थांबवलं असतं,
हे बायामाणसांच्या तब्येतीला बरं नाही.
खाली माझीच सही. सवयीने.

मशीन घेतलं नाही.
काळी काच घेतली, चाळीस रुपयांची, अकरा नंबर.
मुकुंद म्हणाले, नुसत्या काचेचं काय करणार?
मी ती डोळ्यांपुढे धरली.
भिंत गेली. फ्रिज, देव, कॅलेंडर, मुकुंद गेले.
ट्यूबलाइट तेवढी उरली, शेवाळी रंगाची बारीक रेघ.
ही काच काही दाखवायला केलेलीच नाही,
समोर काही पेटेपर्यंत.
तशीच चालत राहिले, हात पुढे करून,
आपल्याच घरात, जिथे दिवे गेले तरी
मला काडेपेटी सापडते.

आणि गुडघा आपटला.
लोखंडी स्टूल आडवं झालं,
एक पाय सुटून कपाटाखाली घरंगळत गेला.

"लागलं का?" मुकुंद.

काच काढली. गुडघा नंतर पाहू.
जमिनीवर बसून तुटलेल्या तोंडावर बोट फिरवलं.
बीड नव्हतं, साधी नळी.
जुना जोड नुसता वरवर टेकवलेला,
आत काही भिनलंच नव्हतं.
ज्याने केला त्याने पैसे मात्र पुरे घेतले असणार.

"सहा," मी म्हटलं.